एकच पुंटो, पण ताकद ६८ पासून १४७ पीएसपर्यंत! जुनी फियाट पुंटो घेताना कोणतं इंजिन आहे ते कसं ओळखायचं?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. लाल रंगाची फियाट पुंटो, २०१२ चं मॉडेल, मागच्या दारावर ‘९० एचपी’ असा बॅज. खाली त्याचा मेसेज : "दादा, ही ९० एचपी वाली आहे, म्हणून एजंट साध्या डिझेलपेक्षा तीस हजार जास्त मागतोय. घेऊ का?"

फोटोत गाडी चकाचक होती. मी त्याला एवढंच लिहिलं, "टोकन देऊ नकोस, आधी आरसीचा आणि जुन्या इन्शुरन्सचा फोटो पाठव."

असं का लिहिलं ते सांगतो. पुंटो ही बाहेरून बघून इंजिन ओळखता न येणारी गाडी आहे. तोच चेहरा, तेच दरवाजे, तीच सीट्स, आणि बॉनेटखाली मात्र सर्वात कमजोर आणि सर्वात ताकदवान इंजिनात दुपटीपेक्षा जास्त फरक. एकेकाळी मी स्वतः यात फसलोय. त्याचं खापर कोणावर फोडता येणार नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. तो किस्सा पुढे येईलच.

आधी थोडी ओळख

ग्रँड पुंटो भारतात जून २००९ मध्ये आली. ती बनायची आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला, फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. म्हणूनच पुणे, नगर, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आजही जुन्या पुंटो बऱ्यापैकी दिसतात आणि त्यांचं काम येणारे मिस्त्रीही सापडतात. २०१४ मध्ये तिचं नवं रूप ‘पुंटो इव्हो’ नावाने आलं आणि २०१५ मध्ये सगळ्यात तिखट ‘अबार्थ पुंटो’. आता फियाटच्या गाड्या भारतात विकल्या जात नाहीत, त्यामुळे हा सगळा मामला सेकंड हँड बाजाराचाच आहे.

ट्रिमची नावं सुरुवातीपासून ॲक्टिव्ह, डायनॅमिक, इमोशन अशी होती. इथेच लोकांचा गोंधळ होतो. ही नावं मुख्यतः फीचर्स सांगतात : एसी कसला, अलॉय व्हील आहेत का, एअरबॅग आहेत का. इंजिन कोणतं ते फक्त नावावरून कळत नाही. ‘इमोशन’ ऐकून "टॉप मॉडेल आहे म्हणजे पॉवरही टॉप" असं समजू नका. इमोशन पेट्रोलही असू शकते, ७६ पीएसची डिझेलही असू शकते आणि ९० एचपी वाली डिझेलही.

कोणत्या इंजिनची किती ताकद?

कंपनीने जाहीर केलेले आकडे असे आहेत :

१.२ फायर पेट्रोल, ११७२ सीसी : ६८ पीएस (६००० आरपीएमला), टॉर्क ९६ एनएम (२५०० आरपीएमला)

१.४ फायर पेट्रोल, १३६८ सीसी : ९० पीएस (६००० आरपीएमला), टॉर्क ११५ एनएम (४५०० आरपीएमला)

१.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी : ७६ पीएस (४००० आरपीएमला), टॉर्क १९७ एनएम (१७५० आरपीएमला)

१.३ मल्टिजेट डिझेल ‘९० एचपी’, तेच १२४८ सीसी : ९३ पीएस (४००० आरपीएमला), टॉर्क २०९ एनएम (२००० आरपीएमला)

१.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, अबार्थ पुंटो, १३६८ सीसी : १४७ पीएस (५५०० आरपीएमला), टॉर्क २१२ एनएम

यादी नीट बघितलीत तर दोन गोष्टी खटकतील. एक, दोन्ही डिझेलची सीसी सारखीच, तरी १७ पीएसचा फरक. दोन, १.४ पेट्रोल आणि टी-जेट यांचीही सीसी सारखीच, आणि तिथे तर फरक ५७ पीएसचा! म्हणजे "किती सीसीची आहे?" हा आपला नेहमीचा प्रश्न इथे अर्धवट पडतो.

आणि हो, बॅजवर ९० आणि कागदावर ९३ असं का? पीएस आणि बीएचपी ही दोन वेगळी मापं आहेत. १ पीएस म्हणजे साधारण ०.९८६ बीएचपी. ९३ पीएस म्हणजे सुमारे ९१.७ बीएचपी, आणि बॅजवर गोल आकडा छान दिसतो. अबार्थचं तसंच : कोणी १४५ सांगेल, कोणी १४७. दोघंही बरोबर, पहिला बीएचपीत बोलतोय, दुसरा पीएसमध्ये. तिसरं माप किलोवॅट. त्याचा एक मोठा सापळा आहे, तो कागदपत्रांच्या भागात सांगतो.

माझा कुंभार्ली घाटातला किस्सा

माझी पहिली गाडी म्हणजे सेकंड हँड पुंटो, १.२ डायनॅमिक. घेताना मी दिसण्यावर भाळलो होतो. मित्राकडे डिझेल पुंटो होती, तिच्यात बसून मी दोन-तीनदा कोकणात गेलो होतो आणि गाडी काय मस्त खेचते हे डोक्यात बसलं होतं. मला वाटलं पुंटो म्हणजे पुंटो. पेट्रोल आहे म्हणजे उलट जास्तच पळेल!

पहिल्याच उन्हाळ्यात आई-बाबा, मावशी आणि बहीण असे पाचजण चिपळूणहून कराडकडे निघालो. डिकी आंब्याच्या पेट्यांनी भरलेली, एसी चालू. कुंभार्ली घाट चढताना पुढे एक ट्रक रांगत होता. एक सरळ पट्टा मिळाला, समोरून काही येत नव्हतं, मी बाहेर काढली गाडी आणि ॲक्सिलरेटर दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे आवाज वाढला, गाडी नाही. ट्रकच्या निम्म्या लांबीपर्यंत पोचलो आणि वळणावर समोरून एसटी दिसली. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे शिरलो. मागच्या सीटवर कोणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. वर कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "गाडी दमते रे ही."

चूक माझी होती, गाडीची नाही. गियर खाली घ्यायला हवा होता, एसी बंद करायला हवा होता, आणि मुळात तिथे ओव्हरटेक करायला नको होता. पण मित्राच्या गाडीत जे सहज व्हायचं ते माझ्या गाडीत का होत नाही, हे मला त्यानंतर शोधावंसं वाटलं. गंमत म्हणजे त्याच्या गाडीची पॉवर माझ्यापेक्षा फक्त ८ पीएसने जास्त होती. ६८ आणि ७६. एवढ्याशा फरकाने असं होतं का?

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा हा हिशोब

जाहिरातीतला पीएसचा आकडा म्हणजे इंजिन सर्वात जास्त किती देऊ शकतं ते. तेही एका ठराविक आरपीएमला. १.२ पेट्रोलचे ६८ पीएस ६००० आरपीएमला मिळतात. रोजच्या वापरात आपण इंजिन ६००० ला नेतो का? बहुतेकजण ३००० च्या आत गियर टाकतात.

मग आपण जिथे गाडी चालवतो तिथे किती ताकद मिळते? त्यासाठी एक सोपं सूत्र आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, आणि त्याला ७००० ने भागा. उत्तर पीएसमध्ये येतं. अचूक भाजक ७०२३ आहे, पण आपल्या कामाला ७००० पुरे.

१.२ पेट्रोल : ९६ × २५०० ÷ ७००० = साधारण ३४ पीएस. आणि १७५० आरपीएमला? तिथे टॉर्क फार तर ९६ धरला तरी २४ पीएस.

७६ पीएसची डिझेल : १९७ × १७५० ÷ ७००० = साधारण ४९ पीएस.

बघा! कागदावर फरक ८ पीएसचा, पण १७५० आरपीएमला डिझेल दुपटीने ताकद देतेय. मित्राची गाडी चौथ्या गियरमध्ये आरामात चढायची ती यामुळे.

आता घाटाचा अंदाज करू. पाच माणसं आणि सामानासकट गाडीचं वजन १५०० किलो धरा, चढ ८ टक्के (म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर), वेग ताशी ४० किमी. नुसतं चढायलाच १८ पीएसच्या आसपास लागतात. टायरच्या घर्षणाचे तीन-एक धरा. झाले २१. शिवाय एसी, आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद वेगळीच. म्हणजे १.२ पेट्रोल १७५० आरपीएमला असेल तर तिच्याकडचे २४ पीएस आहे तो वेग टिकवण्यातच संपले. वेग वाढवायला शिल्लक शून्य. मी त्या दिवशी ॲक्सिलरेटर दाबला आणि फक्त आवाज वाढला, त्याचं हे उत्तर. दोन गियर खाली घेऊन इंजिन ४५०० च्या वर नेलं असतं तर ताकद मिळाली असती. पेट्रोलमध्ये ती वरच असते, तिथपर्यंत जावं लागतं.

म्हणून १.२ वाली घेऊच नका असं मी म्हणत नाही. शहरात एकट्याने किंवा दोघांनी फिरायला ती ठीक आहे, इंजिन शांत आहे आणि देखभाल सोपी. पण घरचे पाचजण आणि घाट हे तुमचं नेहमीचं असेल तर घेण्याआधी भरलेली गाडी एखाद्या चढावर नक्की चालवून बघा. एकट्याने घेतलेली टेस्ट ड्राइव्ह काहीच सांगत नाही.

१.४ पेट्रोलबद्दल थोडक्यात : ९० पीएस आकडा मोठा दिसतो, पण टॉर्क ११५ एनएमच आणि तोही ४५०० ला. मोकळ्या रस्त्यावर इंजिन फिरवायला मजा येते, खालच्या आरपीएमला ती १.२ पेक्षा बरी पण डिझेलसारखी नाहीच.

इतकी विचित्र सीसी का? टॅक्समुळे!

युरोपातल्या ग्रँड पुंटोचं १.२ इंजिन १२४२ सीसीचं होतं. भारतात ते ११७२ का झालं? आपल्याकडे २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला गेला. छोटी गाडी म्हणजे काय, याची व्याख्याही ठरली : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० सीसीच्या आत. १२४२ सीसी या रेषेच्या बाहेर जात होतं, ११७२ आत बसलं. गाडीच्या लांबीचंही तेच. युरोपात ४०३० मिलिमीटर, भारतात ३९८७.

डिझेल १२४८ सीसीची असल्याने ती आरामात आत बसली, आणि तिची पॉवर वाढवून ९३ केली तरी टॅक्स तोच, कारण नियम सीसी बघत होता, पीएस नाही. १.४ पेट्रोल मात्र बाहेर गेली आणि महाग पडली. म्हणूनच ती रस्त्यावर कमी दिसते. आज सेकंड हँडमध्ये १.४ शोधायची तर वाट बघावी लागते.

एकाच १२४८ सीसीतून ७६ आणि ९३ कसे निघतात?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर.

१.३ मल्टिजेट २००३ मध्ये आलं आणि भारतात तर ते घराघरात पोचलं. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये डीडीआयएस या नावाने, टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट या नावाने, आणि फियाटमध्ये मल्टिजेट या नावाने. मूळ इंजिन एकच. तुमच्या घरी किंवा शेजारी डिझेल स्विफ्ट असेल तर तुम्ही हे इंजिन ऐकलेलं आहे. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस द्यायचं, आणि एसएक्सफोर आणि अर्टिगामध्ये ९० पीएस. व्हिस्टाचीही पुढे डी९० निघाली. म्हणजे ही दोन ताकदींची भानगड फक्त पुंटोची नाही, हे वाचून तुम्हाला या बाकीच्या गाड्यांमध्येही उपयोग होईल.

फरकाचं मुख्य कारण टर्बो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्त हवा ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद.

७६ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो असतो, ज्याला मिस्त्री लोक ‘एफजीटी’ म्हणतात. त्यात धुराची वाट ठरलेली, बदलत नाही. टर्बो छोटा असला की कमी धुरावरही पटकन फिरतो, त्यामुळे १७५० लाच पूर्ण टॉर्क मिळतो. पण आरपीएम वाढले की तीच छोटी वाट अपुरी पडते. गर्दीच्या वेळी लोकलच्या एकाच दारातून सगळ्यांनी उतरायचा प्रयत्न करावा तसं.

९३ पीएसच्या इंजिनात ‘व्हीजीटी’ असतो. यात पंख्याभोवती छोट्या हलत्या पट्ट्या असतात. आरपीएम कमी असताना पट्ट्या मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर जोरात पंख्यावर आदळतो. आरपीएम वाढले की पट्ट्या उघडतात आणि वाट रुंद होते. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बागेला पाणी मारताना आपण हेच करतो. या टर्बोच्या जोडीला इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, जास्त डिझेल सोडतो.

आता परत आकडे बघा. टॉर्क १९७ आणि २०९, फरक फक्त १२ एनएम. "एवढ्यासाठी तीस हजार?" असं कोणीही म्हणेल. पण तेच सूत्र उलटं लावा : पीएस गुणिले ७००० भागिले आरपीएम. ४००० आरपीएमला ७६ वाल्या इंजिनाकडे १३३ एनएम उरतो, आणि ९३ वाल्याकडे साधारण १६३. म्हणजे वरच्या टोकाला फरक ३० एनएमचा झाला. साधी डिझेल ३००० च्या पुढे धापा टाकायला लागते, ९० एचपी वाली तिथेही ओढत राहते. एक्सप्रेसवेवर ८० वरून १०० ला जाताना हे स्पष्ट कळतं.

गावात मात्र उलटा अनुभव येऊ शकतो. ७६ वालीचा पूर्ण टॉर्क १७५० लाच येतो, ९३ वालीचा २००० ला. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गियरवर हळू चालवताना साधी डिझेल जास्त सोयीची वाटते असं म्हणणारे मला बरेच भेटलेत. माझंही मत तेच. लक्ष्मी रोडला रोज गाडी नेणाऱ्याने ९० एचपीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

शिवाय खर्च. व्हीजीटीच्या त्या हलत्या पट्ट्यांवर काजळी बसते आणि गाडी जुनी झाली की त्या अडकायला लागतात. मग कधी पिकअप गायब, कधी काळा धूर. साध्या टर्बोत ही पट्ट्यांची भानगडच नाही. दहा-बारा वर्षं जुनी ९० एचपी घेताना टर्बोचं काम निघू शकतं हे धरूनच भाव करा.

अबार्थ : नाव पुंटो, प्रकरण वेगळं

१.४ टी-जेट इंजिन आधी लिनियामध्ये ११४ पीएसचं होतं, नंतर लिनिया १२५ एस मध्ये १२५ पीएस, ॲव्हेंचुरामध्ये सुमारे १४२ आणि अबार्थ पुंटोत १४७. इंजिन तेच, ट्यूनिंग वेगवेगळं. अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि उंचीही साध्या पुंटोपेक्षा कमी. खड्ड्यांचा रस्ता असेल तर हे लक्षात ठेवा. बाजारात हिची किंमत साध्या पुंटोपेक्षा बरीच वरची असते, त्यामुळे नुसता विंचवाचा लोगो चिकटवलेली पुंटोही कधीकधी ‘अबार्थ’ म्हणून दाखवली जाते. मागची चाकं बघा. ड्रम ब्रेक दिसले तर ती अबार्थ नाही. विषय संपला.

मोबाइलवरून कसं तपासायचं?

आता मावसभावाच्या गाडीकडे येतो. त्याने आरसीचा फोटो पाठवला. त्यावर इंधन डिझेल, १२४८ सीसी. एजंट त्याला म्हणाला होता, "बघा, १२४८ लिहिलंय, म्हणजे ९० एचपीच." हे ऐकून मला हसू आलं, कारण दोन्ही डिझेलवर १२४८ च लिहिलेलं असतं. सीसी बघून पेट्रोलमधला १.२ आणि १.४ ओळखता येतो, डिझेलमधला ७६ आणि ९३ नाही.

काही आरसीवर हॉर्स पॉवरचा रकाना भरलेला असतो. तिथे आकडा असेल तर आधी बघा तो कशात आहे. मी मगाशी सापळा म्हणालो तो हाच : ९३ पीएस म्हणजे सुमारे ६८ किलोवॅट. आणि १.२ पेट्रोलची ताकद ६८ पीएस! कोणी नुसतं "६८" बघून भलताच निष्कर्ष काढू शकतो. डिझेलच्या बाबतीत किलोवॅटमध्ये ५६ च्या आसपास असेल तर ती साधी, ६८ च्या आसपास असेल तर ९० एचपी वाली. भावाच्या आरसीवर हा रकाना रिकामाच होता.

मग इन्शुरन्स. पॉलिसीवर मॉडेलसोबत व्हेरियंटचं नाव असतं आणि हा कागद विक्रेते सहसा लपवत नाहीत, कारण त्यात काही असतं हे त्यांच्या लक्षातच येत नाही. एकच नाही, जमल्यास दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. ऑनलाइन नूतनीकरण करताना व्हेरियंट ड्रॉपडाउनमधून निवडावा लागतो आणि लोक घाईत चुकीचा निवडतात. सर्वात पहिली, नवीन गाडी घेतानाची पॉलिसी किंवा मूळ बिल मिळालं तर उत्तमच. भावाला एजंटने दोन पॉलिसी पाठवल्या. दोन्हींवर व्हेरियंट होता १.३ इमोशन मल्टिजेट. ‘९० एचपी’ हा शब्द कुठेच नाही.

यावर एजंटचं उत्तर : "टायपिंग मिस्टेक असेल."

तेव्हा मी भावाला सांगितलं की चॅसिस नंबर घेऊन फियाटचं काम करणाऱ्या वर्कशॉपला जा. तिथे त्या नंबरवरून पार्ट काढताना कोणता टर्बो दाखवतो ते कळतं. हा सगळ्यात पक्का पुरावा. त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी तर तेवढंही केलं नाही. बॉनेट उघडलं, टॉर्च मारून टर्बो बघितला आणि म्हणाले, "साधा आहे. बॅज नवीन लावलाय, बघ ना, बाकी रंग उडालाय आणि हा चमकतोय."

अनेकजण विचारतील, ओबीडी स्कॅनर लावून कळत नाही का? ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप वापरून एरर कोड बघता येतात, हवेचा दाब बघता येतो, आणि जुनी गाडी घेताना ते जरूर करा. पण त्या ॲपमध्ये दिसणारा ‘हॉर्सपॉवर’चा आकडा हा अंदाज असतो. तुम्ही टाकलेलं वजन आणि गाडीचा वेग कसा वाढतोय यावरून तो काढतो. वजन चुकीचं टाकलं की पॉवर वाढते! माझ्या १.२ ने एकदा ९५ दाखवले होते. स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे, कोणाला पाठवलेला नाही.

‘रिमॅप करून ९० केलीय’ असं म्हणाले तर?

असंही ऐकायला मिळतं. ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलून ७६ वाल्या इंजिनातून जास्त पॉवर काढणारे लोक आहेत आणि गाडी पळतेही. पण टर्बो तोच छोटा राहतो, क्लच तोच जुना राहतो. ताण वाढतो. मागच्या मालकाने कोणाकडून, कोणती फाइल टाकून घेतली हे तुम्हाला कळणार नाही. कागदोपत्री गाडी ७६ चीच असते, त्यामुळे असा बदल इन्शुरन्स कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, तेही ध्यानात घ्या. रिमॅप केलेल्या जुन्या डिझेलसाठी जास्त पैसे? मी तरी देणार नाही. उलट कमी करायला सांगेन.

किमतीत अजून एक गोष्ट धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००९ ते २०११ च्या पुंटोंची ती मुदत आता संपलेली आहे किंवा संपत आलीय. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी फिटनेस तपासणी करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हे झालेलं आहे की तुम्हाला करायचंय, हे आधीच विचारून घ्या. पेट्रोल फायर इंजिन असेल तर टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला तेही विचारा. तो तुटला तर मोठा खर्च निघू शकतो. मल्टिजेटला बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे.

शेवटी भावाने गाडी घेतली का? हो, तीच घेतली. साधी ७६ वाली म्हणून, साध्याच भावात. एजंट आधी चिडला, मग काकांनी टर्बोचा फोटो त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर तीस हजार कमी झाले. त्यातले काही टायरला गेले. भावाचं रोजचं जाणं-येणं सातारा शहरातलं, महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन गावी, त्याला १७५० आरपीएमचा टॉर्कच जास्त कामाचा. मागचा ‘९० एचपी’ बॅज मात्र त्याने अजून काढलेला नाही. काढ म्हटलं तर म्हणतो, "राहू दे ना दादा, छान दिसतोय." विकताना काढशील, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.